उसन्या बेटावरचे बालपण

अमेरिकेतील ओहायो राज्याचे कोलंबस हे शहर कोणत्याही समुद्रापासून शेकडो मैल आत वसले आहे. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते आणि नारळाचे झाड उघड्यावर तग धरत नाही. या शहरात १९६१ साली ‘काहिकी’ नावाचे एक भव्य उपाहारगृह सुरू झाले. होडीच्या नाळेसारखे वर झेपावणारे त्याचे छप्पर दुरून नजरेत भरे. दारापाशी ईस्टर बेटावरील पाषाणमूर्तींच्या घडणीचे अजस्र पुतळे उभे असत आणि त्यांच्या माथ्यावर ज्वाळा पेटलेल्या असत. आत गवताने शाकारलेल्या झोपड्या, रंगीत माशांच्या काचेच्या पेट्या, आणि एका बाजूला खिडक्यांची रांग. या खिडक्यांपलीकडे ठराविक वेळाने विजा कडाडत आणि पाऊस कोसळे. बाहेर स्वच्छ चांदणे असो वा गुडघाभर बर्फ, आतल्या खिडकीत मृगाचा पाऊस ठरल्या घटकेला हजर! ‘काहिकी’ हा शब्द हवाईच्या भाषेतला. ताहितीचे ते हवाई रूप आहे. आणि क्षितिजापलीकडचा कोणताही परका मुलूख असाही त्याचा अर्थ होतो. नाव ठेवणाऱ्यांना हा दुसरा अर्थ ठाऊक होता की नाही कोण जाणे, पण नाव चपखल होते.

आमच्यापुढील प्रश्न असा आहे, की शाळेचे दप्तर कोपऱ्यात टाकून ज्या मुलाने रोज संध्याकाळी असा पाऊस पाहिला, त्याने मोठेपणी आपल्या बालपणाविषयी काय लिहावे?

प्रश्न वरवर पाहता दूरदेशीचा वाटेल. परंतु १९५० ते १९७० या काळात दक्षिण सागरातील बेटांचा देखावा उभा करणारी अशी उपाहारगृहे आणि त्यांना जोडलेले नाइट क्लब अमेरिकेच्या लहानमोठ्या शहरांतून पसरलेले होते, आणि त्यांतील पुष्कळशी एकेका कुटुंबाच्या मालकीची होती. आई गल्ल्यावर, वडील भटारखान्यात, काका बारमागे, आणि मुले जेथे जागा मिळेल तेथे. शेवटची ऑर्डर निघेपर्यंत जागायचे, नाही जमले तर रिकाम्या बैठकीवर अंग टाकायचे. त्या पिढीतील मुले आता म्हातारी झाली आहेत. गेल्या पंचवीसएक वर्षांत या जागांविषयी पुस्तके, माहितीपट आणि मुलाखती यांचा चांगलाच साठा जमला असून, त्यात घरच्या मुलांच्या आठवणींना मानाचे पान मिळते. कागदाच्या इवल्या छत्र्या, बारवरून पळवलेल्या लाल चेरी, ढोलांचा आवाज आणि अर्धवट झोपेत दिसलेल्या मशाली, हे या आठवणींचे नित्याचे साहित्य होय. स्मृतिरंजनाला याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण.

आणि तेथेच आमची शंका सुरू होते. बालपण खरे, पण बेट खोटे. आठवण सांगणारा या दोहोंपैकी कशाशी इमान राखतो, यावर त्या लेखनाची किंमत ठरते असे आम्हांस वाटते.

हा देखावा निघाला कोठून, ते थोडक्यात सांगणे भाग आहे. १९३३ च्या डिसेंबरात अमेरिकेतील दारूबंदी उठली. त्यानंतर लवकरच अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या वृत्तीच्या एका तरुणाने हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हा लहानसा बार थाटला आणि पुढे आपले स्वतःचे नावही बदलून डॉन बीच करून घेतले. रम स्वस्त होती. तिच्यात फळांचे रस आणि मसाले मिसळून, बांबूच्या भिंतींवर मासेमारीची जाळी टांगून, त्याने गिऱ्हाइकाला सागरप्रवासाचा भास विकला. ओकलंडच्या व्हिक्टर बर्जेरॉन यांनी ‘ट्रेडर विक्स’ या नावाने त्याचीच मोठी साखळी उभारली. मग महायुद्ध आले, आणि प्रशांत महासागरातील बेटे पाहिलेले असंख्य सैनिक घरी परतले. १९४७ साली जेम्स मिचनर यांचे ‘टेल्स ऑफ द साउथ पॅसिफिक’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी थोर हायरडाल ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियाला पोहोचले. १९४९ साली मिचनर यांच्या कथांवरचे संगीत नाटक रंगभूमीवर आले. १९५९ साली हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. सैनिकांनी जी बेटे चिखल, ताप आणि मृत्यू यांच्यासह पाहिली होती, ती आता शनिवारी रात्री बायकोला घेऊन जाण्याजोगी झाली.

या साऱ्यात बेटांवरचे खाणे मात्र कोठेच नव्हते. ताटात पडे ते बहुधा कँटनी पद्धतीचे चिनी जेवण, वर अननसाच्या फोडी. ‘पूपू’ हा हवाई शब्द, मूळ अर्थ शिंपला. त्या नावाच्या थाळीत येत ते चिनी एग रोल आणि बरगड्यांचे तुकडे. चिनी कुटुंबांना हा धंदा जमला याचे एक कारण यातच आहे. दुसरे कारण अधिक कडू आहे. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले होते. १९४३ साली तो कायदा रद्द झाला, तरी वर्षाला अवघ्या १०५ चिन्यांना प्रवेशाची मुभा मिळाली. ज्या समाजाला आपला चेहरा दाखवण्याची चोरी होती, त्याला दुसऱ्याचा मुखवटा विकणे सोपे गेले. मॅसॅच्युसेट्सच्या सॉगस गावात १९५० साली ‘मँडरिन हाउस’ म्हणून निघालेले छोटेसे चिनी उपाहारगृह वाँग कुटुंबाच्या हाती १९५८ साली ‘कौलून’ झाले आणि पुढे वाढत वाढत प्रचंड झाले. नाव हाँगकाँगच्या एका भागाचे, देखावा पॉलिनेशियाचा, गिऱ्हाईक बॉस्टनच्या आसपासचे. पॉलिनेशियाचे त्यात होते काय? लाकडात कोरलेल्या मूर्ती, त्याही तेथून आणलेल्या असतीलच असे नाही.

याविषयी जे लिहिले गेले आहे, त्यातील सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे स्वेन कर्स्टन यांचे ‘द बुक ऑफ टिकी’ (२०००). जर्मनीत वाढलेले कर्स्टन स्वतःला शहरी पुरातत्त्वज्ञ म्हणवतात. आगपेट्या, मेनूकार्डे, चिनीमातीचे पेले, पाडलेल्या इमारतींची छायाचित्रे यांतून एक नाहीशी झालेली दुनिया त्यांनी परत उभी केली. त्यांच्या चिकाटीला दाद दिलीच पाहिजे. ‘काहिकी’वर २०१४ साली चार लेखकांनी मिळून लिहिलेले पुस्तक आणि फ्लॉरिडातील ‘माय-काय’वर टिम ग्लेझनर यांनी २०१६ साली लिहिलेले पुस्तक, ही दोन्ही त्याच वळणाची आहेत. संग्राहकाचे प्रेम त्यांच्या पानोपानी आहे. परंतु पुरातत्त्वज्ञ ज्यांचे घर खणून काढतो, ती माणसे मेलेली असतात. येथे तसे नव्हते. पेले घासणारी माणसे जिवंत होती. ज्यांच्या देवांचे ते पेले, तीही जिवंत होती. पेल्याच्या घडणीवर जितका प्रकाश पडतो, तितका तो घासणाऱ्या हातावर पडत नाही, ही या लेखनाविरुद्ध आमची मुख्य तक्रार आहे.

या बाबतीत जेफ बेरी यांचे ‘सिपिन सफारी’ (२००७) वेगळे पडते. वरपांगी ते पेयांच्या कृतींचे पुस्तक आहे. पण त्या कृती शोधता शोधता लेखक बारमागे उभ्या राहिलेल्या माणसांपर्यंत पोहोचला. डॉन बीच यांच्या बारमधील बाटल्यांवर पदार्थांची नावे नसत. आकडे आणि सांकेतिक खुणा असत. अमुक क्रमांकाचे मिश्रण इतके, तमुक क्रमांकाचा मसाला तितका. पेय तयार करणाऱ्याने ते बनवावे, पण आपण काय बनवतो आहोत हे त्याला कळू नये, म्हणजे तो उद्या शेजारच्या बारमध्ये गेला तरी रहस्य येथेच राहील, अशी ही व्यवस्था. हे बारटेंडर बहुतांशी फिलिपिनो होते. त्यांपैकी रे बुहेन यांनी १९६१ साली हॉलिवूडमध्येच स्वतःचा ‘टिकी-टी’ नावाचा एका खोलीएवढा बार काढला. तो पुढे त्यांच्या मुलाने आणि नातवांनी चालवला. म्हणजे येथेही एक कुटुंब आहे, येथेही बालपणे आहेत. पण ती सांगायला निघाली तर मशाली आणि कागदी छत्र्यांपासून सुरू होणार नाहीत. आकडे लिहिलेल्या बाटल्यांपासून सुरू होतील.

डेट्रॉइट शहरातील कॅस रस्त्यावर चिन आडनावाच्या लोकांची दोन उपाहारगृहे होती. पहिले ‘चंग्ज’, १९४० पासूनचे, सरळ सरळ चिनी. दुसरे ‘चिन टिकी’, मार्विन चिन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढलेले: बांबू, धबधबा, पूल, नाच आणि रात्रीचा क्लब असलेले. काळ मोठा विलक्षण होता. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइटमध्ये वंशदंगल पेटली, चाळीसहून अधिक माणसे मेली आणि शहराचे भाग जळाले. गोऱ्या वस्तीचा उपनगरांकडे जाण्याचा ओघ वाढला. मशालींच्या उजेडात बेटाचे सुख भोगायला येणारे गिऱ्हाईक पातळ होत गेले, आणि ‘चिन टिकी’ १९८० साली बंद पडले. पुढे जवळजवळ तीस वर्षे ती इमारत तशीच उभी होती. २००२ सालच्या ‘एट माइल’ या चित्रपटात तिचे दर्शन घडते. २००९ साली ती पाडली.

‘चंग्ज’मध्ये वाढलेल्या कर्टिस चिन यांचे आत्मकथन २०२३ साली प्रसिद्ध झाले. आपण जे काही शिकलो ते सारे एका चिनी उपाहारगृहात शिकलो, अशा आशयाचे त्याचे नाव आहे. मेनूकार्डाप्रमाणे त्याची प्रकरणे पाडली आहेत. ही रचना आम्हांस काही ठिकाणी ओढूनताणून आणल्यासारखी वाटली. लेखकाला विनोदाची सवय आहे आणि ती सवय कधीकधी त्याला गंभीर प्रसंगातून फार लवकर बाहेर काढते. असे असूनही हे पुस्तक आम्ही या विषयातील साऱ्या देखण्या ग्रंथांच्या वर ठेवू. कारण त्यातील उपाहारगृह ही एक काम करण्याची जागा आहे. समोरच्या दाराने शहर आत येते: गोरे, काळे, ज्यू, पुढारी आणि रस्त्यावरची माणसे. आईवडील मुलांना अनोळखी माणसाशी बोलायला शिकवतात, कारण अनोळखी माणूस हेच गिऱ्हाईक. १९८२ साली व्हिन्सेंट चिन या तरुणाला मोटार कारखान्याशी संबंधित दोन गोऱ्यांनी चेंडूफळीच्या दांडक्याने मारून ठार केले आणि मारेकऱ्यांना एक दिवसही तुरुंगात काढावा लागला नाही. हा प्रसंग त्या मुलाच्या बालपणात मागच्या दाराने येतो. ज्या समाजाचे जेवण आपण चवीने खातो, त्याच्या मुलाचा जीव इतका स्वस्त कसा, हा प्रश्न मग ताटापासून वेगळा करता येत नाही.

आता कल्पना करावी, की असेच आत्मकथन त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या चिन घराण्यातून आले असते. त्याला आणखी एक पायरी उतरावी लागली असती. ‘चंग्ज’मधील मूल म्हणू शकते, हे जेवण आमचे होते. ‘चिन टिकी’मधील मुलाला ते म्हणता आले नसते. त्याच्या बालपणाचे छप्पर ज्या खांबांवर उभे होते, ते दुसऱ्या कोणाच्या पूर्वजांचे चेहरे होते.

हे चेहरे आले कोठून? मार्केझास बेटांच्या आणि माओरींच्या परंपरेत टिकी हे आद्य पुरुषाचे नाव आहे आणि कोरलेल्या मानवाकृतीलाही तेच म्हणतात. हवाईत १८१९ साली, पहिले प्रोटेस्टंट मिशनरी पोहोचण्याच्या आदल्याच वर्षी, राजघराण्याने स्वतःच जुने निर्बंध मोडले आणि देवळे व मूर्ती जाळण्याचे हुकूम सुटले. मँगारेवा बेटावर १८३४ साली फ्रेंच कॅथलिक धर्मगुरू उतरले. थोड्याच वर्षांत तेथील बहुतेक मूर्ती नष्ट झाल्या आणि उरलेल्या काही युरोपात पाठवल्या गेल्या. त्यांतील एक आज रोमला व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. या घटनेत आमच्याच धर्मबंधूंचा हात होता, तेव्हा तिच्याविषयी बोलताना आवाज चढवण्याचा अधिकार आम्हांला नाही. एवढेच म्हणता येईल, की त्या धर्मगुरूंनी त्या मूर्तींना देव मानण्याइतके गंभीरपणे घेतले होते. म्हणून तर त्या जाळल्या. शंभर वर्षांनी त्याच मूर्ती चिनीमातीच्या पेल्यांच्या रूपाने परत आल्या, डोक्यात रम भरून आणि तोंडात नळी खोवून. विटंबना यांतील कोणती मोठी, हे ठरवणे आम्हांस अवघड जाते.

या पानांच्या वाचकांना हा अनुभव अगदीच परका नसावा. आपण कोणाच्या तरी देखाव्यातले सामान होणे म्हणजे काय, हे हिंदी चित्रपट पाहत वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ‘बॉबी’तला (१९७३) जॅक ब्रगँझा आठवावा: दर्यावर्दी, दिलदार आणि हातात सदैव बाटली. त्याच्यावर रागावणेही जमत नाही, कारण प्रेमनाथ यांनी तो जीव ओतून उभा केला. आमच्या घरांतून चित्रपट पाहून आलेली मुले त्याची नक्कल करीत आणि वडील माणसे हसत. मुखवटा बाहेरच्यांनी बनवला आणि घालून मिरवला आम्हीच. तेव्हा ‘चिन टिकी’च्या मालकाला किंवा त्याच्या मुलांना दोष देताना हात जरा आखडता घ्यावा, हेच बरे.

तरीही लेखनाकडून अपेक्षा कमी करण्याचे कारण नाही. मराठीत आमच्यापुढे याचे मोजमाप आहे आणि ते घरचेच आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली आला. सोवळ्याच्या वेडापायी घर हैराण करणारे वडील, लहरी नवरा, धर्मांतराने झालेली ताटातूट, या साऱ्यांविषयी लिहिताना लक्ष्मीबाई कोणालाही सजवत नाहीत आणि कोणालाही सोलून टांगत नाहीत. त्यांचे हसू त्यांना सत्यापासून दूर नेत नाही. उलट सत्य सांगता यावे म्हणून त्या हसतात. आमच्याकडे येणाऱ्या ललित लेखांत बालपणाच्या आठवणींचे प्रमाण मोठे असते: वाडी, विहीर, लग्नातला बँड, नाताळच्या रात्रीचा गारवा. त्यांतील फारच थोड्यांत विहिरीवर रहाट कोण ओढत होते, याची चौकशी असते. अमेरिकेतील त्या कृत्रिम पावसाला हसण्यापूर्वी आमच्या लेखकांनी आपल्या आठवणींतला पाऊसही एकदा खिडकी उघडून पाहावा.

असो. ज्यांचा हा सारा देखावा होता, त्या बेटांवरच्या माणसांचे काय झाले?

‘चिन टिकी’ आकाराला येत होते त्याच सुमारास, १९६६ च्या जुलैत, फ्रान्सने ताहितीच्या आग्नेयेस मोरुरोआ या प्रवाळबेटावर अणुस्फोटांची मालिका सुरू केली. १९९६ पर्यंतच्या तीस वर्षांत मोरुरोआ आणि फांगाटाउफा येथे १९३ स्फोट झाले. १९७४ पर्यंत ते उघड्या हवेत होत असत. डेट्रॉइटच्या आणि कोलंबसच्या खिडकीत विजा चमकत होत्या तेव्हा खऱ्या पॉलिनेशियाच्या आकाशात काय चमकत होते, याची नोंद बेटांच्या त्या आनंदी आठवणींत आम्हांस आढळली नाही. मुलांना ते माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पन्नाशी उलटल्यावर लिहायला बसलेल्या माणसाला मात्र ही सबब चालत नाही.

आणि बेटांवरच्या मुलांची बालपणेही नाइट क्लबांत गेलीच होती. ताउ मो हे सामोआत जन्मलेले आणि हवाईच्या लाइए गावी वाढलेले गिटारवादक. १९२० च्या दशकाच्या अखेरीस एका फिरत्या मंडळीबरोबर ते आणि त्यांच्या पत्नी रोझ हवाईहून निघाले आणि जवळजवळ अर्धे शतक घरी स्थिर झाले नाहीत. १९२९ साली टोकियोत त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९४० च्या दशकात त्यांचा मुक्काम कलकत्त्यास होता. तेथील बड्या हॉटेलांत ते वाजवीत, तरुणांना शिकवीत. आमच्या पिढीने रेडिओवर हवाईयन गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या ज्या असंख्य धुना ऐकल्या, त्यांच्या मुळाशी जी थोडी माणसे आहेत त्यांत ताउ मो यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा मुलगा लानी आणि मुलगी डोरियन रंगमंचावरच वाढली. आई गाते, वडील वाजवतात, मुले नाचतात. हॉटेल बदलते, देश बदलतो, गळ्यातील फुलांच्या माळा तशाच. हेही एका कुटुंबाचे नाइट क्लबमधील बालपण आहे. फरक इतकाच, की येथे देखावा त्यांच्या स्वतःच्या घराचा होता, आणि ते घर त्यांनी क्वचितच पाहिले होते.

म्हातारपणी ताउ मो लाइएला परतले. कॅलिफोर्नियातील बॉब ब्रोझमन हे तरुण गिटारवादक जुन्या हवाई संगीताचे वेडे होते. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेची मागणी करणारे एक पत्र त्यांना हवाईहून आले. पत्र लिहिणाऱ्याने सहज म्हणून कळवले होते, की यातली गाणी आपण स्वतः १९२९ साली मुद्रित केली आहेत. त्या पत्रातून १९८९ साली एक नवी ध्वनिमुद्रिका निघाली. साठ वर्षांपूर्वीची गाणी ताउ आणि रोझ यांनी मुलांना बरोबर घेऊन पुन्हा गायिली. ‘आमच्या तारुण्यातील गाण्यांच्या आठवणी’ असा तिच्या नावाचा अर्थ होतो. आम्ही ती ऐकली आहे. रोझ यांचा आवाज जागोजागी कापतो. पण तालाला सुटी नाही, सूर घासूनपुसून घेतलेला आहे, आणि आम्ही किती सुखी होतो असे सांगण्याचा कोठे प्रयत्न नाही. स्मृतिरंजनाविरुद्ध इतका सौम्य आणि इतका पक्का पुरावा आम्हांस दुसरा सापडला नाही. ताउ मो २००४ साली वारले. या मुलांच्या बालपणाचे पुस्तक मात्र आमच्या पाहण्यात आलेले नाही.

फ्लॉरिडातील ‘माय-काय’ची गोष्ट या दोन टोकांच्या मध्ये बसते आणि आमच्या वरील विवेचनाला थोडा अडथळाही आणते. शिकागोहून आलेल्या बॉब आणि जॅक थॉर्नटन या भावांनी १९५६ च्या डिसेंबरात फोर्ट लॉडरडेलला हे उपाहारगृह काढले. नाव हवाईच्या ‘चांगले’ या अर्थाच्या शब्दावरून. पैसा अमेरिकन, जेवण चिनी वळणाचे, पेयांच्या कृती डॉन बीच यांच्या परंपरेतल्या. येथपर्यंत सारे नेहमीसारखेच. परंतु १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ताहितीच्या मिरेल नावाच्या एक नर्तिका तेथे आल्या. पुढे बॉब थॉर्नटन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नाचांची बांधणी त्यांनी आपल्या हाती घेतली, वेशभूषा ठरवली, पिढ्यांमागून पिढ्या नर्तक तयार केले. १९८९ साली बॉब वारले, तरी ते काम दशकानुदशके त्यांनीच पाहिले. देखाव्यात आणून उभी केलेली स्त्री त्या देखाव्याची सूत्रधार झाली! या घरात वाढलेल्या मुलांना बेट खोटे होते असे साधेपणाने म्हणता येणार नाही, कारण त्यांची आई त्या बेटावरून आलेली होती. आणि ते खरे होते असेही म्हणता येणार नाही, कारण बाहेर फ्लॉरिडाचा महामार्ग होता. आमच्या मते या विषयातले सर्वांत समृद्ध बालपण हेच असावे. ग्लेझनर यांच्या पुस्तकात या कुटुंबाची माहिती आहे, छायाचित्रे तर मनसोक्त आहेत. पण बाहेरच्या चाहत्याने लिहिलेला इतिहास आणि घरातून सांगितलेली गोष्ट यांत अंतर राहणारच.

‘काहिकी’चे पुढे काय झाले, तेही सांगून टाकू. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. अशा यादीत नाव आल्याने मालकाचा विकण्याचा हक्क जात नाही. २००० सालच्या ऑगस्टमध्ये ते बंद झाले, इमारत पाडली, आणि जागेवर औषधांचे दुकान आले. शेवटचे मालक मायकेल त्साओ हे चीनमध्ये जन्मलेले गृहस्थ. गोठवलेल्या एग रोलचा कारखाना त्यांनी उपाहारगृहाच्याच नावाने वाढवला. क्षितिजापलीकडच्या मुलखाचे ते नाव अशा रीतीने पाकिटावर जाऊन बसले.

‘माय-काय’ला २०२० च्या ऑक्टोबरात मुसळधार पावसाने गाठले. पाऊस या खेपेस खराच होता. भटारखान्याचे छप्पर खचले आणि दारे बंद करावी लागली. २०२१ साली नवे भागीदार आले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात दुरुस्त झालेल्या वास्तूत ढोल पुन्हा वाजू लागले. नर्तकांच्या पिढ्यांपैकी कित्येकांची मुले पडद्यामागच्या त्या अंधाऱ्या बोळात आईचा नाच संपण्याची वाट पाहत बसली असतील. त्यांच्यापैकी एखाद्याने लिहिलेले पुस्तक आले, तर परीक्षणासाठी आम्ही ते आनंदाने घेऊ.